हुतात्म्यांची साक्ष आणि राज्याचे दप्तर : आद्य ख्रिस्ती छळाच्या नोंदींचा विचार

‘मार्टिर’ हा शब्द मूळचा ग्रीक असून त्याचा अर्थ ‘साक्षीदार’ एवढाच होता. न्यायासनापुढे उभा राहून स्वतःस ठाऊक असलेली गोष्ट जो सांगतो, तो मार्टिर. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ख्रिस्ती लेखनामध्ये या शब्दास ‘श्रद्धेसाठी प्राण देणारा’ असा विशेष अर्थ प्राप्त झाला. मराठीत आपण ज्याला ‘हुतात्मा’ म्हणतो त्या शब्दात यज्ञातील आहुतीची कल्पना प्रधान आहे. साक्षीची कल्पना तेथे लोपते. ‘रक्तसाक्षी’ हा शब्द त्या मानाने मूळ अर्थास अधिक जवळचा आहे. हा भेद केवळ कोशकारांच्या कामाचा आहे असे नव्हे. साक्ष म्हटली की ती कोणापुढे दिली, कोणी लिहून घेतली, कोणी जतन केली आणि कोणत्या हेतूने पुढे पोचविली, हे प्रश्न ओघानेच येतात. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांचा जो छळ झाला, त्याच्या नोंदी कशा निर्माण झाल्या आणि इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांवर कितपत विसंबावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. गुन्ह्याचे स्वरूप

नोंदींचे स्वरूप कळण्यासाठी प्रथम गुन्ह्याचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. इ. स. ११२ च्या सुमारास बिथिनिया-पाँटस प्रांताचा अधिपती प्लिनी याने सम्राट ट्रेजन यास एक पत्र लिहिले. ख्रिस्ती म्हणून आपल्यापुढे आणलेल्या लोकांना त्याने आपण ख्रिस्ती आहात काय, असे शिक्षेची भीती घालून पुनःपुन्हा विचारले होते. जे हट्टाने होय म्हणाले त्यांस देहदंडासाठी पाठविले. त्यांच्यापैकी जे रोमन नागरिक होते त्यांस रोमला धाडण्याची व्यवस्था केली. ज्यांनी इन्कार केला, देवतांचे व सम्राटाच्या प्रतिमेचे धूप व मद्य अर्पून पूजन केले आणि ख्रिस्तास शाप दिला, त्यांस सोडून दिले. सम्राटाचे उत्तर संक्षिप्त होते. या लोकांचा शोध घेत फिरू नये. रीतसर आरोप सिद्ध झाल्यास शिक्षा द्यावी. जो देवतांची पूजा करील त्यास, पूर्ववृत्त संशयास्पद असले तरी, क्षमा करावी. निनावी फिर्यादी मुळीच स्वीकारू नयेत.

या व्यवस्थेतील विसंगती टर्टुलियन या आफ्रिकी लेखकाने इ. स. १९७ च्या सुमारास मार्मिकपणे दाखवून दिली. इतर गुन्हेगारांचे हाल केले जातात ते त्यांनी गुन्हा कबूल करावा म्हणून. ख्रिस्ती माणसाचे हाल मात्र त्याने आपला गुन्हा नाकारावा म्हणून केले जातात. आपल्या विषयाच्या दृष्टीने यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. आरोपीचे स्वतःचे उत्तर हाच येथे पुरावा होता. साक्षीपुरावे, पंचनामा, झडती यांची गरज नव्हती. सारा खटला एका प्रश्नापाशी व एका उत्तरापाशी येऊन ठेपत असे. म्हणूनच प्रारंभीच्या हुतात्म्यांविषयीच्या लेखनास प्रश्नोत्तराचे रूप आले. ते रूप कोणा लेखकाच्या कल्पनेतून निघालेले नसून रोमन न्यायालयाच्या कार्यपद्धतीतूनच निघाले होते.

२. न्यायालयाची नोंद

या प्रकारचा उत्कृष्ट नमुना म्हणजे सिली या आफ्रिकेतील गावच्या हुतात्म्यांचे वृत्त होय. ते लॅटिन भाषेत असून त्यावर तारीख आहे : १७ जुलै १८०. आफ्रिकेतील ख्रिस्ती लोकांचे हे सर्वांत जुने दिनांकित लॅटिन लेखन समजले जाते. कार्थेज येथे प्रांताधिपती सॅटर्नायनस याच्यापुढे सात पुरुष व पाच स्त्रिया अशा बारा जणांचा निकाल लागला. वृत्त अवघ्या पान-दीड पानाचे आहे. अधिपती सौम्यपणे बोलतो, विचार करण्यास तीस दिवसांची मुदत देऊ करतो. आरोपी ती नाकारतात. त्यांच्यापैकी स्पेराटस याच्याजवळच्या पेटीत काय आहे असे विचारता, पौल या सत्पुरुषाची पत्रे व ग्रंथ आहेत असे उत्तर मिळते. मग अधिपती पाटीवरून निकाल वाचतो व नावे पुकारली जातात. चमत्कार नाही, भाषणे नाहीत, हालांचे वर्णन नाही. शेवटची दोन-तीन वाक्ये सोडली तर हा मजकूर कचेरीतील लेखनिकाच्या टिपणावरून घेतला असावा, असे मानण्यास प्रत्यवाय नाही.

तथापि येथे सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. प्रश्नोत्तराचे रूप हे अस्सलपणाचे प्रमाण होऊ शकत नाही. ईजिप्तमधील पपायरसांवर अलेक्झांड्रियाच्या ग्रीक पुढाऱ्यांचे सम्राटापुढे झालेले खटले वर्णिलेले आढळतात. त्यांचेही रूप न्यायालयीन नोंदीचेच आहे. परंतु त्यांतील पुष्कळसा भाग रोमविरोधी भावनेने रचलेले वाङ्मय आहे, हे हर्बर्ट म्युसुरिलो यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या आवृत्तीवरून स्पष्ट होते. म्हणजे कचेरीच्या नोंदीची धाटणी त्या काळी सर्वपरिचित होती आणि ज्याला वाटे तो ती उचलू शकत असे. जस्टिन या तत्त्वज्ञ हुतात्म्याचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. इ. स. १६५ च्या सुमारास रोमचा नगराधिकारी जूनियस रस्टिकस याच्यापुढे त्याचा खटला चालला. हा रस्टिकस स्वतः स्टोइक पंथीय असून सम्राट मार्कस ऑरेलियस याचा गुरू होता. जस्टिनच्या खटल्याच्या वृत्ताचे तीन पाठ आज उपलब्ध आहेत. पहिला आखूड व कोरडा, दुसरा विस्तारलेला, तिसरा पूर्णतः अलंकृत. एकच प्रसंग पिढ्यान् पिढ्या कसा फुगत गेला, हे तीन पाठ शेजारी ठेवून वाचणाऱ्यास प्रत्यक्ष पाहता येते.

३. मंडळीची पत्रे

दुसरा प्रकार पत्रांचा. स्मर्ना येथील मंडळीने आपला वृद्ध बिशप पॉलिकार्प याच्या मरणाचे वृत्त फिलोमेलियम येथील मंडळीस पत्ररूपाने कळविले. या घटनेचा काळ विवाद्य असून बहुतेक अभ्यासक तो इ. स. १५५ ते १६७ च्या दरम्यान कोठे तरी ठेवतात. पत्राचा हेतू वृत्तकथनाबरोबरच उपदेशाचाही आहे. क्विंटस नावाचा एक फ्रिजियन मनुष्य आपण होऊन अधिकाऱ्यांपुढे गेला व श्वापदे पाहताच भिऊन त्याने देवतांना अर्पण केले, ही गोष्ट पत्रात मुद्दाम सांगितली आहे. कारण आपण होऊन मरण ओढवून घेणे योग्य नव्हे, असे लेखकास सुचवावयाचे होते.

या पत्राच्या ग्रीक हस्तलिखितांत पॉलिकार्पच्या देहास खंजिराने भोसकताच त्यातून एक पारवा बाहेर पडला, असा उल्लेख येतो. चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस याने याच पत्रातील मोठा भाग आपल्या ग्रंथात उतरून घेतला आहे. त्यात हा पारवा नाही. तो मागाहून पत्रात शिरला, असेच बहुतेकांचे मत आहे. पत्राच्या अखेरीस कोणी कोणाच्या प्रतीवरून नक्कल केली याची परंपराही दिलेली आहे. नकलाकारांना आपल्या कामाचे महत्त्व किती वाटत होते, हे तीवरून दिसते; पण प्रत्येक नक्कल ही बदलाची एक संधी होती, हेही विसरून चालणार नाही.

इ. स. १७७ मध्ये गॉल प्रांतातील लिआँ येथे जो छळ झाला, त्याविषयी लिआँ व व्हिएन येथील मंडळ्यांनी आशिया व फ्रिजिया येथील बांधवांस पाठविलेले पत्रही युसेबियसमुळेच टिकून राहिले. नव्वदी उलटलेला बिशप पोथिनस बंदिवासात मरण पावला. ब्लँडिना नावाच्या दासीने सर्वांहून अधिक हाल सोसले. जिच्या मालकिणीला ती टिकाव धरील की नाही अशी शंका होती, तीच दासी त्या वृत्ताची नायिका ठरली. परंतु या पत्राचे खरे मोल अन्यत्र आहे. सुमारे दहा जण डगमगले आणि त्यांनी श्रद्धेचा इन्कार केला, ही गोष्ट ते लपवीत नाही. हुतात्म्यांची कीर्ती सांगावयास बसलेला लेखक स्वतःच्या पक्षाची दुर्बलता नमूद करतो, तेव्हा त्याच्या इतर विधानांचेही वजन वाढते.

४. बंदिवासातील टिपण

तिसरा प्रकार विरळा आहे. ७ मार्च २०३ रोजी कार्थेज येथे पर्पेच्युआ ही सुमारे बावीस वर्षांची कुलीन विवाहिता, फेलिसिटस ही दासी व त्यांचे सहकारी रंगभूमीत मारले गेले. त्यांच्या वृत्ताचा मधला भाग पर्पेच्युआने स्वतः बंदिवासात लिहिला, असे संपादक सांगतो, आणि आधुनिक अभ्यासकांपैकी बहुतेकांनी ते मान्य केले आहे. तिचा पिता काकुळतीने तिची मनधरणी करतो. अंगावर पिणारे मूल जवळ नाही म्हणून ती कासावीस होते, आणि ते जवळ मिळताच बंदिशाला तिला प्रासादासारखी वाटू लागते. तिला पडलेली स्वप्ने ती सांगते. त्यानंतर सॅट्युरस या सहकाऱ्याचे स्वप्न येते आणि शेवटचा प्रसंग संपादकाच्या लेखणीतून उतरतो. प्राचीन काळातील स्त्रीच्या हातचे गद्यलेखन फारच थोडे उरले असल्यामुळे या काही पृष्ठांचे महत्त्व धर्मेतिहासापुरते मर्यादित नाही.

या वृत्ताचा ग्रीक पाठ जेरुसलेम येथे सापडून १८९० मध्ये प्रसिद्ध झाला. पाठांचे परस्परसंबंध अद्यापि चर्चेचा विषय आहेत. पण अभ्यासकाने येथे निराळाच प्रश्न विचारावयाचा आहे. फेलिसिटसने बंदिवासात एका कन्येस जन्म दिला. तिचे स्वतःचे म्हणून काही शब्द संपादकाने दिले आहेत, परंतु तिचे टिपण नाही. लिहिता येणाऱ्याची साक्ष राहते. न येणाऱ्याची दुसऱ्याच्या मुखाने राहते. हुतात्म्यांच्या समानतेवर भर देणाऱ्या या ग्रंथातही नोंदीच्या बाबतीत ही असमानता उरलीच.

५. राज्याचे कागद

आतापर्यंतची सर्व साधने ख्रिस्ती मंडळींनी जतन केलेली आहेत. ईजिप्तच्या कोरड्या वाळूने मात्र दुसऱ्या बाजूचे कागद आपल्या हाती दिले. इ. स. २४९ च्या अखेरीस वा २५० च्या आरंभी सम्राट डीशियस याने सर्व प्रजाजनांनी देवतांना बळी अर्पण करावा अशी आज्ञा काढली. तिचा मूळ मजकूर आज उपलब्ध नाही. परंतु ती पाळल्याचे दाखले चाळीसहून अधिक संख्येने सापडले आहेत. त्यांपैकी पहिला १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक दाखले फायूम भागातील थिआडेल्फिया या गावचे असून सर्व दाखले २५० च्या जून व जुलै महिन्यांतील आहेत. मजकूर ठराविक साच्याचा : अर्ज करणाऱ्याचे नाव व गाव, आपण सदैव देवतांना अर्पण करीत आलो आहोत हे विधान, आताही आज्ञेनुसार समितीसमोर मद्य ओतले, बळी दिला व प्रसाद चाखला हे कथन, आणि दाखला मिळण्याची विनंती. खाली साक्षीदारांच्या सह्या.

या कागदांत ‘ख्रिस्ती’ हा शब्द कोठेही नाही, आणि ख्रिस्ताचा इन्कार करावयास सांगितल्याचाही उल्लेख नाही. एक दाखला तर पेटेसुकस या मकरदेवतेच्या पुजारिणीचा आहे. जिची उपजीविकाच देवपूजेवर होती तिलादेखील तो घ्यावा लागला. तेव्हा डीशियसचा हेतू केवळ ख्रिस्ती लोकांना शोधून काढण्याचा होता, हे जुने मत आता सहजासहजी स्वीकारता येत नाही. इ. स. २१२ मध्ये साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र लोकांना नागरिकत्व मिळाल्यानंतर, समान पूजाविधीने साम्राज्य एकत्र बांधण्याचा तो प्रयत्न होता, असे मत जेम्स राइव्ह्ज यांनी १९९९ मध्ये मांडले. राजसत्तेच्या लेखी जे निष्ठेचे साधे प्रमाणपत्र होते, ते ख्रिस्ती माणसाच्या लेखी सर्वस्वाचा प्रश्न होऊन बसले. छळ होण्यासाठी छळ करण्याचा हेतू असलाच पाहिजे असे नाही, हा या दाखल्यांचा महत्त्वाचा बोध आहे.

कार्थेजचा बिशप सायप्रियन याच्या लेखनावरून कळते की पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी अर्पण केले, आणि कित्येकांनी अर्पण न करताच पैसे देऊन दाखले मिळविले. असे दाखले खऱ्या दाखल्यांहून दिसण्यात वेगळे असणार नाहीत. म्हणजे अस्सल सरकारी कागददेखील जे घडलेच नाही त्याची साक्ष देऊ शकतो.

डायोक्लेशनच्या काळात तर लेखनावरच आघात झाला. २४ फेब्रुवारी ३०३ रोजी लावलेल्या आज्ञेने ख्रिस्ती प्रार्थनास्थळे पाडून धर्मग्रंथ जाळावेत असे फर्मावले. १९ मे ३०३ रोजी न्युमिडियातील सिर्टा नगरीत अधिकारी म्युनेशियस फेलिक्स याने घेतलेल्या झडतीची नोंद शब्दशः शिल्लक आहे. तीत सोन्याचे २ पेले, चांदीचे ६ पेले, चांदीचे ७ दिवे, स्त्रियांचे ८२ अंगरखे, पुरुषांचे १६, स्त्रियांच्या पादत्राणांचे ४७ जोड, अशी मोजदाद आहे. गोरगरिबांना वाटण्यासाठी ठेवलेले हे कपडे असावेत. हा कागद टिकला तो हुतात्म्यांच्या गौरवार्थ नव्हे. त्या दिवशी वस्तू काढून देणाऱ्यांत असलेला सिल्व्हेनस नावाचा उपसेवक पुढे बिशप झाला. ३२० मध्ये त्याच्यावर आरोप झाला तेव्हा विरोधकांनी जुनी नोंद पुराव्यादाखल पुढे आणली.

ईजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे सापडलेला ५ फेब्रुवारी ३०४ चा एक कागद १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कायसिस गावच्या पूर्वीच्या प्रार्थनामंदिराचा वाचक ऑरेलियस अमोनियस शपथेवर सांगतो की मंदिरापाशी सोने, चांदी, पैसा, वस्त्रे, गुरे, दास वा जमीन काहीही नव्हते. जी काही पितळी वस्तू होती ती दिली आहे. शेवटी दुसऱ्या माणसाने त्याच्यावतीने सही केली असून अमोनियसला अक्षरओळख नाही असे लिहिले आहे. धर्मग्रंथ वाचून दाखविणे हेच ज्याचे काम, तो निरक्षर कसा? त्यास केवळ ग्रीक लिहिता येत नव्हते, असे काही म्हणतात. शपथपत्रावर स्वतःची अक्षरे उमटू नयेत म्हणून त्याने योजलेली ही युक्ती होती, असे काहींना वाटते. दोहोंपैकी कोणताही अर्थ घेतला तरी, मोठ्या छळात सामान्य माणूस कसा वागतो याचे चित्र या चार ओळींतून जितके दिसते तितके अनेक हुतात्मचरित्रांतूनही दिसत नाही.

६. स्मरण आणि वगळणूक

मंडळींनी नोंदी ठेवल्या त्या प्रामुख्याने स्मरणदिन पाळण्यासाठी. बंदिवासात मरण पावणाऱ्यांचे दिवस टिपून ठेवावेत, अशी सूचना सायप्रियनने इ. स. २५० मध्ये आपल्या सेवकवर्गास केली होती. पुढे १४ सप्टेंबर २५८ रोजी तो स्वतःच त्या यादीत गेला. रोम येथील हुतात्म्यांची अशीच एक यादी ३५४ च्या पंचांगात आहे. तीत दिवस, नाव व दफनस्थान एवढेच आढळते. कथा मागाहून आल्या. पोप डॅमेसस (३६६–३८४) याने थडग्यांवर पद्यलेख कोरविले. त्यांपैकी एकात, आपण बालपणी खुद्द मारेकऱ्याच्या तोंडून वृत्त ऐकले होते, असे तो सांगतो. ३९३ मध्ये हिप्पो येथील परिषदेने स्मरणदिनी हुतात्म्यांची वृत्ते वाचण्यास अनुमती दिली. वाचनासाठी वृत्त हवे, आणि यादीत तर नावच होते. ही पोकळी कल्पनेने भरून निघाली यात नवल नाही.

युसेबियसने पॅलेस्टाइनमधील हुतात्म्यांविषयी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याचा विस्तृत पाठ ४११ मधील एका सिरियाक हस्तलिखितात संपूर्ण टिकून आहे. समकालीन साक्षी म्हणून त्याची योग्यता मोठी. पण जे डळमळले त्यांचा उल्लेख आपण करणार नाही, हे त्याने स्वतःच आपल्या मोठ्या इतिहासात सांगून टाकले आहे. लिआँच्या पत्राचा प्रामाणिकपणा येथे जाणूनबुजून सोडलेला दिसतो. परिणामी दोन दप्तरे परस्परविरुद्ध दिशांनी अपुरी राहिली. राज्याच्या दप्तरात आज्ञा पाळणाऱ्यांचीच नावे, मंडळीच्या दप्तरात ती मोडणाऱ्यांचीच. जे पळून गेले, ज्यांनी लाच दिली, जे हालांपुढे नमले आणि मागाहून पश्चात्तापाने परतले, त्यांची संख्या दोहोंपेक्षा मोठी असण्याचा संभव आहे. आणि त्यांची नावे बहुधा कोठेच नाहीत.

७. चिकित्सेची परंपरा

या साधनांची चिकित्सा धर्मनिष्ठ विद्वानांनीच आरंभिली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. बोलँड व त्याच्या जेझुइट सहकाऱ्यांनी १६४३ पासून संतचरित्रांचे खंड प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. बेनेडिक्टिन पंथीय र्‍विनार याने १६८९ मध्ये त्याला अस्सल वाटलेली वृत्ते वेगळी काढली. बोलँडच्याच परंपरेतील इपोलित दलेए यांनी १९०५ मध्ये अशा लेखनाची सहा गटांत विभागणी केली. न्यायालयीन नोंद, प्रत्यक्षदर्शीचे वृत्त, त्यांवरून रचलेले लेखन, थोड्या सत्यावर उभारलेली कथा, शुद्ध कल्पित आणि वंचनेसाठी केलेली बनावट, अशी ती उतरंड आहे. अस्सल पत्र व बखर यांतील तारतम्य राजवाड्यांपासून शिकत आलेल्या मराठी अभ्यासकास ही दृष्टी परकी वाटणार नाही.

संख्येचा प्रश्न गिबन याने १७७६ मध्ये उपस्थित केला. पॅलेस्टाइनमधील ९२ हुतात्म्यांवरून हिशेब करून, डायोक्लेशनच्या छळात साम्राज्यभर दोन हजारांहून कमी लोकांना देहदंड झाला असावा, असे त्याने अनुमान बांधले. एका प्रांताचे प्रमाण सर्वत्र लावण्याची त्याची रीत सदोष आहे. परंतु मध्ययुगीन आख्यायिकांतील लक्षावधींच्या आकड्यांना आधार नाही हे त्याचे मत आता सर्वमान्य झाले आहे. २५० पर्यंतचा छळ बव्हंशी स्थानिक व प्रासंगिक होता, हे द संत क्र्वा यांनी १९६३ मध्ये सप्रमाण दाखविले. नीरोने ६४ मधील आगीनंतर ख्रिस्ती म्हणून लोकांना मारले, या टॅसिटसच्या विधानाबद्दलही, ते पन्नास वर्षांनी लिहिलेले असल्यामुळे, ब्रेंट शॉ यांनी २०१५ मध्ये शंका घेतली. ती सर्वांना पटलेली नाही. कँडिडा मॉस यांनी २०१३ मध्ये, छळाची अखंड परंपरा ही बरीचशी मागाहून रचलेली आहे, असे प्रतिपादिले. त्यावरील वाद चालू आहे.

या वादात दोन टोके टाळणे आवश्यक आहे. पारवा खोटा ठरला म्हणजे पॉलिकार्प जाळला गेला नाही असे होत नाही; आणि सिलीचे बारा जण खरे ठरले म्हणजे नंतरच्या शेकडो कथा खऱ्या ठरत नाहीत. संख्या कमी दाखविल्याने अन्याय लहान होत नाही, तसा ती वाढविल्याने मृतांचा सन्मानही वाढत नाही. फुगविलेली नोंद उघडी पडली की तिच्याबरोबर खऱ्या नोंदीवरचाही विश्वास उडतो, आणि छळ करणाऱ्यास त्याचा लाभ होतो.

धार्मिक वा अन्य छळाच्या कोणत्याही काळातील नोंदींचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने, म्हणून, प्रत्येक कागदास तीन प्रश्न विचारावेत. हा कोणासाठी लिहिला गेला? तो आजवर टिकला तो कोणाच्या गरजेमुळे? आणि ज्यांचे त्यात नाव नाही ते कोण? आद्य ख्रिस्ती हुतात्म्यांच्या बाबतीत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तीन शतकांच्या परिश्रमाने पुष्कळशी मिळाली आहेत. तिसऱ्याचे उत्तर थिआडेल्फियाच्या दाखल्यांत आणि कायसिसच्या वाचकाच्या शपथपत्रात दिसू लागले आहे. ऑक्सिरिंकसचे पपायरस अद्यापि क्रमाने प्रसिद्ध होत आहेत, आणि या विषयात पुढील काम त्याच दिशेने व्हावयाचे आहे.